पगार घेतो, म्हणून डोळे गहाण टाकलेले नाहीत

सरकारी नोकराने सरकारवर टीका करू नये, हा नियम जुना आहे. पण सरकारवर इतरांनी केलेली टीका त्याने वाचूही नये, असा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. तरीही कचेऱ्याकचेऱ्यांतून तो पाळला जातो. वाचकहो, आजचा विषय तोच आहे. आपल्या समाजात घरटी नसला तरी भावकीत एखादा माणूस सरकारी खात्यात असतोच. कोणी शिपाई, कोणी शिक्षक, कोणी एस.टी.त वाहक, कोणी दवाखान्यात परिचारिका, कोणी नगरपालिकेत सफाई कामगार. आईबापांनी ऊस तोडून, खडी फोडून शिकवले, राखीव जागेच्या हक्काने नोकरी लागली. या एका नोकरीवर अख्खे घर उभे असते. म्हणून साहेबाच्या कपाळावरची आठी आपल्याच माणसाला आधी दिसते आणि भीतीही त्यालाच जास्त वाटते.

२८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांच्या वापराबाबत एक शासन निर्णय काढला. राज्य शासनाचे कर्मचारी, स्थानिक स्वराज्य संस्था, मंडळे, महामंडळे, एवढेच काय कंत्राटी माणसेसुद्धा त्यात आली. राज्य सरकारच्या किंवा देशातल्या कुठल्याही सरकारच्या चालू अथवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही. शासनाने बंदी घातलेली संकेतस्थळे व ॲप वापरायची नाहीत. कार्यालयाचे खाते वेगळे आणि स्वतःचे वेगळे ठेवायचे. गोपनीय कागद कोणाला पाठवायचे नाहीत. मोडल्यास महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली कारवाई.

यातल्या काही गोष्टी रास्तच आहेत. कार्यालयातला गोपनीय कागद गावभर फिरवणे हे कोणत्याही कर्मचाऱ्याला शोभत नाही. जातिधर्मावरून विखारी मजकूर पसरवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण ‘प्रतिकूल टीका’ म्हणजे काय? शाळेत शिक्षक कमी आहेत, हे शिक्षकाने लिहिले तर ती माहिती की टीका? दवाखान्यात औषध नाही, असे परिचारिकेने म्हटले तर? रेघ कुठे मारायची हे साहेबाच्या हाती राहिले, की माणूस रेघेच्या दहा हात अलीकडेच थांबतो.

एका कार्यालयातली गोष्ट. नाव घेत नाही. जेवणाच्या सुट्टीत एक तरुण कनिष्ठ लिपिक मोबाईलवर सरकारच्या कारभारावरचा एक परखड लेख वाचत होता. साहेब जवळून गेले तसा त्याने मोबाईल पालथा घातला. नंतर हळूच विचारतो, “दादा, नुसते वाचले तरी चालते ना? का त्याचीही नोंद होते?” पदवीधर पोरगा, स्पर्धा परीक्षा देऊन आलेला. राज्यघटनेचा भाग तिसरा तोंडपाठ करून ज्याने गुण मिळवले, तोच वाचायला परवानगी मागत होता! आदेश लिहिण्यापुरता निघाला, भीती वाचण्यापर्यंत जाऊन पोहोचली.

कोणी म्हणेल, कामाच्या वेळेत कर्मचाऱ्याने वाचत बसावे काय? मुळीच नाही. लोक रांगेत ताटकळत असताना मोबाईलमध्ये डोके घालणारा कर्मचारी आपल्याच लोकांचा गुन्हेगार आहे. कार्यालयाच्या संगणकावर क्रिकेट, सिनेमा, खरेदी आणि राजकारण सरसकट बंद करा, तक्रार नाही. पण कसोटी एकच. नियम सर्वांना सारखा आहे का? स्तुती उघडी आणि टीका तेवढी बंद असेल, तर तिला शिस्त म्हणता येत नाही. ती गळचेपी आहे.

अमेरिकेत नेमके हेच भांडण झाले. केंटकी राज्यात २००६ साली अर्नी फ्लेचर हे गव्हर्नर होते, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे राज्याचे कारभारी. सरकारी नोकरभरतीत राजकीय वशिला चालवल्याच्या आरोपावरून त्या मे महिन्यात त्यांच्यावर आरोपपत्र आले. पुढे ऑगस्टमध्ये ते रद्दही झाले. पण मार्क निकोलस नावाचा एक टीकाकार इंटरनेटवर त्यांच्या कारभाराची रोज चिरफाड करीत असे. जूनमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याचे मत छापले आणि लागलीच सरकारी कार्यालयांतल्या संगणकांवर त्याचे लिखाण उघडेनासे झाले. सरकारने कामाच्या वेळेचे कारण दिले. निकोलस न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे असे की, दुसऱ्या बाजूची राजकीय मते वाचायला मोकळी आहेत, नावडती तेवढी बंद केली. नोव्हेंबर २००७ च्या निवडणुकीत फ्लेचर पराभूत झाले. कार्यालयातला पडदा बंद केल्याने घरातला मतदार बंद होत नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

दूर कशाला जायचे? आपल्या जिल्ह्याने तर यापेक्षा कडक दिवस पाहिले आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. २०२३ साली धाराशिव झालेल्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे आधीचे नावच शेवटच्या निजामावरून पडलेले. त्या राज्यात १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाने परवानगीशिवाय जाहीर सभा घेण्याला बंदी घातली. बाहेरच्या अनेक वृत्तपत्रांना संस्थानात येऊ दिले जात नसे. शेजारची बार्शी मात्र इंग्रजी मुलखात. हद्दीपलीकडे जे वाचायची मुभा, ते अलीकडे आणायची चोरी! हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यानंतर महिनाही गेला नाही आणि ते राज्य संपले. वर्तमानपत्रे अडवून ज्यांनी राज्य राखायचे म्हटले, त्यांना खरी बातमी सगळ्यांत शेवटी कळली.

चाकरी आणि गुलामी यांतला फरक तर आपल्या लोकांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. वतन म्हणजे पिढीजात सरकारी चाकरी. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे, टपाल वाहायचे, सांगितले ते ऐकायचे, उलट बोलायचे नाही. ‘वतन’ या गोड नावाखाली तोंड बांधलेले होते. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. त्या वतनातून सुटून आपण पगारी नोकरीत आलो. पगाराच्या बदल्यात आपण आठ तास आणि प्रामाणिक काम देतो. डोके त्या सौद्यात नाही.

आणि हे केवळ आमचे म्हणणे नाही. मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातले कर्मचारी इ. एक्स. जोसेफ हे कर्मचारी संघटनेचे सचिव होते. १९६० मध्ये त्यांच्यावर कारवाई सुरू झाली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. १९६२ मध्ये न्यायालयाने सांगितले की, नोकरीत आल्यामुळे माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. सरकारने मान्यता न दिलेल्या संघटनेत राहू नये, हा नियम रद्द झाला. निदर्शने सरसकट बंद करणारा भागही टिकला नाही. संपावरची बंदी मात्र न्यायालयाने कायम ठेवली. एका कर्मचाऱ्याने लढून मिळवलेला हा निकाल आहे. अलीकडे त्रिपुरात मत्स्यव्यवसाय खात्यातल्या एका महिला लिपिकावर समाजमाध्यमावरील मजकुरावरून, निवृत्तीला काहीच दिवस उरले असताना, कारवाई झाली. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली. वर्तणूक नियमांच्या चौकटीत सरकारी नोकरालाही मत बाळगण्याचा व मांडण्याचा अधिकार आहे, असे मुख्य न्यायमूर्ती अकिल कुरेशी यांनी म्हटले.

टीका वाचू न देण्यात सरकारचेही नुकसानच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे अतिवृष्टी झाली, उभी पिके पाण्यात गेली. अशा वेळी लोक मदतीबद्दल काय बोलतात, काय लिहितात, हे पंचनामा करणाऱ्या तलाठ्यानेच वाचले नाही तर चूक दुरुस्त कोण करणार? टीका वाचलेला कर्मचारी सावध राहतो. न वाचलेला वरून आलेला आकडा खाली लिहून मोकळा होतो.

आता नोकरीतल्या भावाबहिणींसाठी चार गोष्टी. शासन निर्णय स्वतः वाचा, कोणी सांगितलेल्या गोष्टीवर घाबरू नका. कार्यालयाचा वेळ, कार्यालयाचा संगणक आणि कार्यालयाचा कागद यांना बोट लावू देऊ नका, म्हणजे बोट दाखवायला जागा राहत नाही. अमुक वाचू नका असे तोंडी बजावले, तर नम्रपणे लेखी आदेश मागा. लेखी मिळाला तर एकट्याने न भांडता संघटनेकडे जा. माहितीचा अधिकार कायदा, २००५ कर्मचाऱ्यालाही नागरिक म्हणून लागू आहे, हे विसरू नका.

आणि घरातल्या आयाबहिणींना एक विनंती. “नोकरी सांभाळा, कशाला त्या भानगडीत पडता,” असे आपण काळजीपोटी म्हणतो. काळजी खरी आहे. लिहिताना, बोलताना जरूर जपायला सांगा. पण रात्री जेवण झाल्यावर वर्तमानपत्र उघडा, सरकारच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन्ही. नोकरीवाला माणूस वाचेल, पोरे ऐकतील, प्रश्न विचारतील. त्या वाचनावर कोणाचीही सही लागत नाही.

जय भीम.