तिसरा मजला, लिफ्ट नाही

गेल्या शनिवारी आम्ही सगळी भावंडं मुलुंडला मावशीकडे जमलो होतो. पावभाजी, पत्ते, टीव्हीवर मॅच... एकदम टाइमपास माहोल. माझी मावसबहीण मात्र बाहेर जिन्यात उभी, हातात मोजायची टेप! म्हटलं, "काय गं, रंगकामाचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंस की काय?"

"नाही रे. या वळणावर स्ट्रेचर वळतं का ते बघतेय."

बाईसाहेब पॅरामेडिक आहेत. अँब्युलन्सवर रुजू होऊन जेमतेम आठ महिने झालेत. बी.एस्सी. झाल्यावर तिच्या मैत्रिणी बँकेत, एअरलाइनमध्ये गेल्या आणि हिनं इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स घेतला. तेव्हा मावशीचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे तू एक्स-रे काढणार का?"

मावशीला हसू नका. आपल्याकडे 'पॅरामेडिकल' या एका शब्दात लॅबवाले, एक्स-रेवाले, डायलिसिसवाले असे सगळेच कोंबलेले असतात. २०२१च्या केंद्रीय कायद्यानं पॅरामेडिकला यादीत स्वतःचं नाव दिलं, पण लोकांच्या डोक्यात ते अजून उतरलेलं नाही. शिवाय महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८च्या गाडीत डॉक्टर असतो. मुंबईत २०१७ साली बाइक अँब्युलन्स आल्या, त्यांच्यावरही डॉक्टरच होते. त्यामुळे खाजगी गाडीतून ही उतरली की लोक तिच्या मागे बघतात. "ताई, डॉक्टर कुठायत?"

ट्रेनिंगची सुरुवात झाली एका बाहुलीपासून. हिचं नाव अ‍ॅन. १९६० साली नॉर्वेच्या आसमुंड लेरडाल या खेळणी बनवणाऱ्यानं ती तयार केली. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीचा, असं सांगतात. या अ‍ॅनच्या छातीवर जगभरातले लाखो लोक सीपीआर शिकलेत. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण हात दमतात आणि दमलेला हात खोटं बोलतो. पहिल्या आठवड्यात हिचे गुडघे काळेनिळे झाले होते.

आणि नियम नंबर एक काय, माहितीये? पेशंटकडे धावायचं नाही! आधी आजूबाजूला बघायचं. वायर लोंबकळतेय का, गॅसचा वास येतोय का, मागून ट्रक येतोय का. सिनेमातला हीरो इथे पहिल्याच दिवशी नापास.

मग हॉस्पिटलमधल्या कॅज्युअल्टीच्या रात्रपाळ्या. तिथे ती रक्ताला घाबरली नाही, वासानं मात्र बाहेर पळाली. दहा मिनिटांनी चहा पिऊन परत आत. "सरावतं सगळं," ती म्हणते. पण एक गोष्ट कुठल्याच बाहुलीवर शिकवत नाहीत. समोर पेशंटचं अख्खं घर उभं असतं.

तिचा पहिला मोठा कॉल घाटकोपरचा. साठीचे काका कोसळलेत, श्वास नाही. एलबीएस रोडवर संध्याकाळचं ट्रॅफिक. एकाच नावाच्या दोन बिल्डिंग आणि गेटवर वाट दाखवायला कोणी नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खांद्यावर किट, हातात ऑक्सिजनचा सिलिंडर. वर पोचली तर खोलीत दहा-बारा माणसं. कोणी तळपाय चोळतंय, कोणी तोंडात पाणी घालायला बघतंय. छातीला मात्र कोणाचाच हात नाही.

तिनं आणि तिच्या सीनियरनं सुरुवात केली. खरी छाती अ‍ॅनसारखी नसते, ती सांगते. खाली उतरवताना स्ट्रेचर वळणावर अडकलं. शेवटी काकांना चादरीतून उतरवलं. पण उतरत्या जिन्यात धड सीपीआर देता येत नाही. त्या तीन मजल्यांइतका लांब वेळ तिनं आयुष्यात पाहिलेला नाही.

काका गेले. कॅज्युअल्टीबाहेर त्यांच्या मुलानं तिला विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का हो?"

"नाही," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. पण त्या रात्री ती घरी येऊन जेवली नाही. कारण तिला तो आकडा पाठ होता... हृदय थांबल्यावर कोणीच काही केलं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते.

दोन महिन्यांनी अंधेरीचा कॉल. ऑफिसच्या दारातच एक जण पडलेला, आणि सिक्युरिटी गार्ड गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबतोय. मोठमोठ्यानं मोजत, घामाघूम. आकडे चुकत होते, हात थांबत नव्हते. हिनं मशीन लावलं, एक शॉक दिला. मनगटाला नाडी लागली. कॅज्युअल्टीत मिनिटभरात सगळी माहिती डॉक्टरांना दिली आणि पेशंट सोपवला.

"मग? वाचला?" आम्ही पत्ते खाली ठेवून विचारलं.

"माहीत नाही. आम्हाला बहुतेक वेळा कळतच नाही रे. स्ट्रेचर पुसायचं, सिलिंडर बघायचा, पुढचा कॉल."

बॉस, आपण टार्गेट पूर्ण झाल्याच्या मेलसाठी जीव टाकतो. हिच्या नोकरीत रिझल्टच लागत नाही! तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ही हजर.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला तिचा निरोप. १०८ लावा. बिल्डिंगचं नाव सांगताना जवळची खूण सांगा. एकाला गेटवर पाठवा, एकाला लिफ्ट धरून ठेवायला सांगा. माणूस हाकेला उत्तर देत नसेल आणि श्वास नीट घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दाबायला लागा. श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबा. रस्त्यावर कोणाला मदत केली तर पोलिसांचं झंझट मागे लागेल, ही भीती सोडा. सुप्रीम कोर्टानं २०१६ साली आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनं अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.

आणि मावशीचा जिना? स्ट्रेचर वळत नाही. टेप गुंडाळत बहीण आत आली, टीव्ही बंद केला, सोफ्यावरची गादी जमिनीवर टाकली.

"चला, एकेक जण. आई, आधी तू."

मावशीनं पदर खोचला आणि दाबायला सुरुवात केली. पंधराव्याला माझा दम गेला होता. मावशी तिसापर्यंत पोचली आणि म्हणाली, "अगं, कणीक मळण्यापेक्षा सोपं आहे की!"