जाड आवाज, जाड काठ

एथनिक डेच्या सकाळी हुबळी-धारवाडच्या कोणत्याही कॉलेजचं आवार बघावं. ट्रंकेच्या तळातून निघालेल्या इरकली, गुळेदगुड्डच्या खणाच्या चोळ्या, कानांत बुगड्या, एखादीनं तर थेट कासोटाच घातलेला. डोळे निवतात. संध्याकाळी त्याच आवारात स्टेज लागतं, गिटार आणि ड्रम येतात, आणि सकाळच्या इरकली कुठल्या कुठं जातात. बँडमध्ये गाणारी मुलगी हमखास काळ्या टी-शर्टात असते. तिच्या टी-शर्टबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या वाटणीबद्दल. इरकल फोटोपुरती, आणि गाणं मात्र दुसऱ्या कपड्यांत. रॉक गायचं तर साडी बाजूला ठेवायची, हा नेम आपल्या मुलींच्या मनात इतका पक्का बसलाय की तो घातला कुणी, हेही कुणी विचारत नाही.

हा नेम १९६९ मध्येच मोडला गेला. मद्रासच्या माउंट रोडवर ‘नाइन जेम्स’ नावाचा छोटासा नाइटक्लब होता. तिथं विशी ओलांडलेली एक मुलगी साडी नेसून माइकसमोर उभी राहिली आणि इंग्रजी गाणी गायली. त्या उषा उत्थुप. अशा ठिकाणी गाणारीनं गाऊन घालावा, अंगावर चमचमतं काहीतरी असावं, अशी तेव्हाची रीत. उषा उत्थुप घरी नेसत तीच साडी नेसून आल्या. तिथून कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरचं ‘ट्रिंकाज’, मग दिल्लीची हॉटेलं, मग हिंदी सिनेमा. १९८१ च्या ‘अरमान’मधलं ‘रंबा हो’ आपल्याकडच्या लग्नांच्या वरातींतून अजून वाजतं. २०११ मध्ये पद्मश्री, २०२४ मध्ये पद्मभूषण. जॅझ, पॉप, रॉक, डिस्को, सगळं त्या साडीतच गायल्या. रुंद काठाचं कांजीवरम, केसांत फुलं, कपाळावर भली मोठी टिकली आणि तिच्यावर बंगाली लिपीतला ‘क’. पायांत कांजीवरमच्याच कापडानं मढवलेले बूट. उभं राहून दोन-दोन तास गायचं तर पायांना आराम हवा, तो त्यांनी घेतला आणि साडी तशीच ठेवली.

मुंबईत वाढलेल्या या मुलीला शाळेतल्या गाण्याच्या वर्गात जागा नव्हती. आवाज मुलीसारखा नाही, इतरांच्या आवाजात मिसळत नाही, हे कारण. गाणं नको म्हणून हातात वाजवायला काहीतरी द्यायचे. त्यांनी पुढं आवाज पातळ करायचा खटाटोप केला नाही, आणि तो जाडाभरडा आवाज झाकायला अंगावर झगमगाटही चढवला नाही. मला त्यांच्याबद्दल जे अपार कौतुक वाटतं ते इथं आहे. आवाज आणि कपडा, दोन्ही जसे आहेत तसे घेऊन त्या लोकांसमोर गेल्या. आणि लोक त्यांच्याकडं आले.

धारवाडच्या माणसाला हे वाचताना दुसरी एक बाई आठवल्याशिवाय राहायची नाही.

गंगूबाई हानगल यांचा जन्म ५ मार्च १९१३ चा, धारवाडच्या शुक्रवार पेठेतला. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. मुलीला हिंदुस्थानी संगीत शिकता यावं म्हणून हे कुटुंब १९२८ मध्ये हुबळीला आलं. पुढं गंगूबाई रेल्वेनं कुंदगोळला जात आणि रामभाऊ कुंदगोळकरांकडे, म्हणजे सवाई गंधर्वांकडे, तालीम घेऊन रात्री परत येत. घरी मुलंबाळं, संसाराचा भार, आणि वाटेत लोकांच्या नजरा. गाणारीण निघाली, असं म्हणत माणसं दारा-खिडक्यांतून बघत, हे त्यांनी स्वतः पुढं सांगितलेलं आहे. १९२४ च्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी गांधीजींसमोर स्वागतगीत गायलं. तेव्हा त्या शाळकरी होत्या आणि मनात धाकधूक होती ती जेवणानंतर आपल्याला उष्टी काढायला लावतील की काय, याची. जातीचा हा काच त्यांनी कधी लपवला नाही.

गंगूबाईंचा सुरुवातीचा आवाज बारीक, गोड होता. एचएमव्हीनं त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका मुंबईत काढल्या, त्यांवर नाव छापलं ‘गांधारी’. जी. एन. जोशींबरोबर त्या मराठी भावगीतही गायल्या. तबकडीवरचा तो आवाज ऐकला तर या त्याच बाई, हे सांगूनही पटत नाही. मग घशाचा विकार झाला, उपचार झाले, आणि आवाज खाली उतरला. इतका खाली की रेडिओवर ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. आवाज असा बदलला की गाणारी माणसं हाय खातात. गंगूबाईंनी त्या आवाजालाच आपलं घर केलं. किराणा घराण्याचा सूर लांबवायचा, एकेका स्वरावर ठाण मांडायचं, घाई करायची नाही, आणि वर चढताना आवाजाला गुळगुळीत करायचं नाही. भावगीत मागं पडलं, ख्याल राहिला. अंगकाठी किरकोळ, त्यामुळं कलकत्त्याच्या संगीत परिषदेत संयोजकांनाच शंका आली आणि जलशाच्या आधी गाऊन दाखवायला लावलं, असं त्या सांगत. त्यांनी गाऊन दाखवलं.

गंगूबाई रॉक गायल्या नाहीत, आणि त्यांच्या ख्यालाला दुसऱ्या कुठल्या नावाचा टेकू लागत नाही. तरीही माझ्यासारख्या कपड्यांवर लिहिणाऱ्या बाईला या दोघी एका रांगेत दिसतात. बाईच्या गळ्यातून येणाऱ्या जाड, भरदार आवाजाला आपल्या समाजानं जागा ठेवलेली नव्हती. ती दोघींनी आपापल्या ठिकाणी करून घेतली, आणि ती करताना घरचं नेसणं सोडलं नाही.

नेसण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. हा ‘काठपदर’ स्तंभ त्यासाठीच आहे. गंगूबाईंची छायाचित्रं काढून बघा. काठाची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात चमकी, आणि पदर खांद्यावरून पुढं घेऊन अंगभर गुंडाळलेला. एक हात कानाशी. आज आपण ‘पारंपरिक लूक’ म्हणून ही छायाचित्रं एकमेकींना पाठवतो. पण त्या काळात गाणाऱ्या घराण्यातल्या बाईनं असा अंगभर पदर घेऊन बैठकीत बसणं ही साधी गोष्ट नव्हती. गायिका हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून बायकांच्या जाहीर मैफली सुरू केल्या, तेव्हा त्यांनीही साधं, घरंदाज नेसणं ठेवलं. हे नेसणं श्रोत्यांना बजावत असे की मी कुणाच्या दिवाणखान्यातली करमणूक नाही, मी गवई आहे, गाणं ऐका. पुरुष गवयाला पंडित किंवा उस्ताद म्हणता आणि केसरबाई-मोगूबाईंसारख्या गायिकांना नुसतं बाई का, असं गंगूबाईंनी एकदा रोखठोक विचारलं होतं. तोंडानं त्यांनी ते नंतर विचारलं असेल. माझ्या मते त्यांचा पदर ते आधीपासून विचारत होता.

आणि म्हणून आजच्या ‘व्हिंटेज’च्या लाटेबद्दल मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. लाट मला आवडते. पुण्याच्या दुकानांतून खणाच्या कुर्त्या, पर्सा, मुलींचे परकर, सगळीकडं खणच खण दिसतो. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात इरकल मागणाऱ्या तरुण मुली दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण या लाटेत कापडाचा पोत गळून पडतोय आणि नुसतं चित्र उरतंय. इरकलीचा लाल पदर, त्यावरचे पांढरे टोप, हे आता पॉलिस्टरवर छापून मिळतं. लांबून तेच दिसतं. जवळ गेलं की कळतं.

खरी इरकल कशी होते ते एकदा समजून घ्यावं. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलला साडीच्या अंगाचा ताणा वेगळा असतो आणि पदराचा वेगळा. अंग सुती, किंवा सूत-रेशमाचं, पदर रेशमाचा. हे दोन ताणे फासे घालून एकमेकांत अडकवतात आणि मग विणकाम पुढं सरकतं. याला तिकडं ‘टोप तेनी’ म्हणतात. या जोडामुळं एकाच लांब ताण्यावर साड्यांमागून साड्या विणून काढता येत नाहीत. प्रत्येक साडीसाठी ताणा नव्यानं तयार करावा लागतो. सहावारी असेल तर सहावारीचा, नऊवारी असेल तर नऊवारीचा. ज्या बाईची साडी तिच्यापुरता ताणा. महाग का पडते, याचं उत्तर यातच आहे. पदर अंगाला जिथं भेटतो ती जागा बोटांना लागते. छापील साडीत ती जागाच नसते.

खणाचंही तसंच. अरुंद पन्ना, दोन्ही कडेला काठ, मधे बारीक बुट्टी. चोळीला पुरेल एवढाच तुकडा. तो मीटरनं कापून पडद्याला लावायचं कापड नव्हे. त्याच्या मापातच बाईच्या अंगाचं माप होतं. आणि आपल्या धारवाडचा कशिदा, ज्याला कन्नडमध्ये कसूती म्हणतात, तो तर कापडावर काही न आखता, धागे मोजून भरतात. गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, गाठ कुठंच नाही. तुळशीवृंदावन, रथ, हत्ती, पाळणा. काळ्या चंद्रकळेवर असा कशिदा भरून ती लग्नात मुलीला देत. मशीनवर भरलेली कसूती उलटून बघा. मागं दोऱ्यांचं जाळं आणि त्यावर कागद चिकटवलेला सापडतो.

अंगाला थोडी टोचणारी, पहिल्या धुण्याला रंग सोडणारी, सुरुवातीला ताठ आणि नेसता नेसता मऊ होणारी ही साडी आहे. तिची मजा तिच्या जाडपणात आहे. गंगूबाईंच्या आवाजातला खरखरीतपणा गाळून टाकला तर मागं काय राहील? साडीचंही तेच होतंय, आणि ते फार झपाट्यानं होतंय.

रॉकच्या जगात जुन्या कपड्यांचं प्रेम नवं नाही. गायिका पॅटी स्मिथ यांच्या १९७५ च्या ‘हॉर्सेस’ या पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ पाहावं. साधा पांढरा शर्ट, खांद्यावर काळं जाकीट, चेहऱ्यावर रंगरंगोटी नाही. रॉबर्ट मॅपलथॉर्प यांनी काढलेलं ते छायाचित्र. ज्या काळात गायिकेनं नटूनथटून उभं राहायचं, त्या काळात ही बाई पुरुषाच्या शर्टात सरळ कॅमेऱ्याकडं बघत उभी आहे. आज ऐंशीच्या घरात असतानाही त्या तशाच कपड्यांत गातात. तिथल्या मुली तो शर्ट रोज घालतात, वर्षातून एका दिवसापुरता नाही. आपल्या मुलींनी पॅटी स्मिथ यांचं जरूर ऐकावं, शर्टही घालावा. पण आपल्या मुलींच्या घरातही एक कपडा आहे, ज्यात त्यांच्या गावच्या बायका रस्त्यावरून गाणं शिकायला चालत गेल्या.

मी कॉलेजांना एक विनंती करते. २०१४ मध्ये टपाल खात्यानं भारतीय संगीतकारांची आठ तिकिटं काढली. त्यात गंगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व, असे चौघं या धारवाड-बेळगाव टापूत जन्मलेले. आठांत चार. असा टापू असताना इथल्या स्टेजवर गाणाऱ्या मुलीला गळा पातळ कर, कपडे बदलून ये, हे कुणी सांगू नये. एथनिक डे आणि संध्याकाळचा बँड हे दोन वेगळे कार्यक्रम ठेवायची गरज काय? एकच ठेवा. ज्या मुलीला जीन्स घालायची तिनं जीन्स घालावी, जिला इरकल नेसून गिटार वाजवायची तिनं ती वाजवावी. पट्टा पदरावरून नीट बसतो, मी बसवून पाहिलाय, पिन फक्त खांद्याच्या मागं लावायची. पायांत बूट घाला, उषा उत्थुप यांच्यासारखे. स्पर्धांच्या गुणपत्रिकेत वेशभूषेचे गुण असतील तर ते काढून टाका आणि आवाजाला द्या. आणि जाड आवाजाची एखादी मुलगी चाचणीला आली, तर तिला कोरसमध्ये मागं उभं करायच्या आधी एक अख्खं गाणं ऐकून घ्या.

साडी घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला पदर पूर्ण उलगडायला सांगा. जोडावरून बोट फिरवा. ताणा कुठला, विणलीय कुठं, हे विचारा. चांगला दुकानदार आनंदानं सांगतो. इळकलच्या कुठल्या मागावरून आली तेही सांगतो. किंमत जास्त असेल. एक कमी घ्या, पण हातमागाची घ्या, आणि सोमवारी ऑफिसला नेसून जा.