वाटीभर मेथीचे वजन किती?

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजच्या श्रमशिबिरात एका रात्रीच्या जेवणाचे काम आमच्या गटाकडे आले. जेवणारी माणसे पन्नास. घरच्या वहीतून उतरवून आणलेल्या कृतीत चौघांसाठी ‘चार वाट्या चिरलेली मेथी’ असे लिहिले होते. म्हणजे पन्नासांना पन्नास वाट्या. पण बाजारात वाटीने मेथी कोण देणार? आम्ही वाटीत पाणी ओतून मोजले. ते दीडशे मिलिलिटर भरले. तेव्हा वाटीभर मेथीही दीडशे ग्रॅम असणार असे ठरवून, निवडलेली साडेसात किलो मिळावी म्हणून देठांसकट पंधरा किलो मेथी आणली!

रात्री अकरापर्यंत आम्ही मेथी निवडत होतो. निम्मीअधिक शेवटी गावातल्या गुरांपुढे टाकावी लागली, आणि भाजीचे पैसे संपल्यामुळे दुसऱ्या दिवशी सर्वांना नुसत्या आमटीभातावर भागवावे लागले. कोणी काही बोलले नाही, हेच जास्त लागले.

घरी आल्यावर तीच वाटी काट्यावर ठेवून पाहिली. चिरलेली मेथी भरली सुमारे पंचवीस ग्रॅम. म्हणजे चूक सहापट! तीच बोटांनी दाबून भरली, तर जवळजवळ दुप्पट मावली. मग नादच लागला. चिरलेला कांदा शंभराच्या आसपास, मटारचे दाणे नव्वद, बारीक चिरलेली कोबी पंचावन्न, किसलेले गाजर सत्तर. वाटी एकच, वजने मात्र पाच. पाण्याचा हिशेब भाजीला लागू पडत नाही, कारण वाटीत भाजीबरोबर हवाही भरलेली असते, आणि ती किती हे विळीवर बसणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

एका मित्राने सुचविले की प्रत्येक भाजीचे किलो आणि वाट्या असे कोष्टक करून शिबिराच्या भटारखान्यात लावावे. मला हे पुरते पटत नाही. वाटी घरागणिक वेगळी. कोष्टक कोणत्या वाटीचे? शिवाय बाजारातला किलो आणि चुलीवरचा किलो एक नव्हे. किलोभर मटाराच्या शेंगा सोलल्या की दाणे अर्धा किलोसुद्धा निघत नाहीत.

आपल्याकडे पायली, अधोली, शेर ही मापे होती ती धान्याची. धान्य मापात आपोआप बसते. भाजी मात्र वजनाने, जुडीने, नगाने नाहीतर वाट्याने विकली जाई. दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी मंडईत ‘पावशेर’ हा शब्द अजून ऐकू येतो, आणि मिळते ते अडीचशे ग्रॅम! भाजी मापाने घेण्याच्या फंदात मात्र कोणी पडले नाही. वाटी आली ती कृतीच्या पुस्तकांतून. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर नेले, आणि नवख्यांना त्याचा केवढा आधार झाला! चौघांच्या स्वयंपाकात वाटी चुकत नाही, कारण तिथे तिचे काम प्रमाण सांगण्याचे असते: मेथी चार तर भिजलेली मूगडाळ अर्धी. पन्नासांचा बाजार करायला निघालो की ती अपुरी पडते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की कृती लिहिणाऱ्यांनी भाजीपुढे दोन आकडे द्यावेत. बाजारातून किती आणायची ते वजनाने, आणि निवडून, चिरून किती व्हावी ते वाटीने. शिवाय वाटीत पाणी किती मावते हे पहिल्याच पानावर लिहावे. बायकांना अंदाज असतोच, मग आकडे कशाला, असे आमच्यातले काही म्हणतात. पण तो अंदाज म्हणजे वर्षानुवर्षे केलेले मोजमापच आहे. कागदावर उतरले नाही, इतकेच. आईला मेथीची हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “अरे, चौघांना दोन जुड्या लागतात, हे विचारायचं होतंस!”

वहीत तिने जुड्या लिहिल्याच नव्हत्या. आता समासात मी लिहून ठेवल्या आहेत.