सौर पंपांची परीक्षा कोणीं करावी?

हल्लीं सूर्याच्या उन्हावर चालणारे पंप गांवोगांव दिसूं लागले आहेत. रात्रीच्या पाळीची वीज, जळालेलें रोहित्र व कडाक्याच्या थंडींत दारें धरण्यासाठीं करावें लागणारें जागरण, यांतून सुटका होईल या आशेनें शेतकरी या पंपाकडे वळला आहे. आणि ही आशा अनाठायीं आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें सन २०२४ सालीं सुरू केलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेंत शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा आहे; अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांस तर शेंकडा ५ च भरावे लागतात. बाकीचा भार सरकार उचलतें. मान्य केलेल्या कंपन्यांपैकीं कोणाचा पंप घ्यावयाचा, ही निवड मात्र शेतकऱ्याच्या हातीं ठेविलेली आहे.

या निवडीसंबंधानेंच आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, त्यास औतास जुंपून पाहतों, त्याच्या खोडी चार ठिकाणीं विचारतों. बियाणें शेजाऱ्याच्या रानांत उगवलेलें पाहून मगच घेतों. परंतु जीं पॅनेलें वीस-पंचवीस वर्षें टिकावयाचीं, तीं घेतांना कंपनीचें नांव मोठें कीं लहान, एवढ्यावरच आमची चौकशी संपते. मोठें नांव मुळांत कशानें होतें, याचा विचार कोणी करीत नाहीं.

या बाबतींत डेन्मार्क देशाचें उदाहरण बोधप्रद आहे. पवनचक्क्यांच्या धंद्यांत आज जगांत अग्रगण्य असलेली ‘वेस्टास’ कंपनी ही लेम नांवाच्या खेड्यांत १८९८ सालीं एका लोहारानें घातलेल्या भट्टीची वारस आहे. पुढें तिनें दुधाचे कॅन थंड ठेवण्याचीं साधनें केलीं, आणि १९७९ सालीं पहिल्या पवनचक्क्या विकल्या. ‘बोनस’ ही दुसरी कंपनी १९८० सालीं शेतास पाणी देण्याचीं साधनें करणाऱ्या कारखान्यांतून निघाली. २००४ सालीं ती सीमेन्सनें विकत घेतली. याच सुमारास जर्मनींत सरकारी साहाय्यानें व मोठमोठ्या इंजिनियरांच्या हातून ३ मेगावॉटची ‘ग्रोविआन’ नांवाची प्रचंड पवनचक्की १९८३ सालीं उभी राहिली. ती थोड्याच वर्षांत मोडीत काढावी लागली. खेड्यांतले लोहार तरले आणि विद्वान हरले, हें कसें झालें?

आमच्या मतें याचें मुख्य कारण गिऱ्हाइकांत आहे. डेन्मार्कच्या सरकारनें १९७९ सालापासून पवनचक्की घेणारास किंमतीच्या शेंकडा ३० मदत दिली. तीहि रिसो येथील परीक्षणकेंद्रानें पसंत केलेल्या यंत्रासच. बाकीची रक्कम शेतकऱ्यांनीं व त्यांच्या शेजाऱ्यांनीं, पुष्कळ ठिकाणीं सहकारी मंडळ्या काढून, पदरची घातली. पदरचा पैसा गुंतला कीं डोळे उघडे राहतात. पवनचक्कीच्या मालकांनीं १९७८ सालीं आपला संघ स्थापन केला. आणि कोणत्या कंपनीच्या चक्कीनें किती वीज दिली व कोणती कोठें बिघडली, याचे आंकडे मालकांच्या मासिकांत छापून येऊं लागले. वाईट माल करणारास तोंड लपविण्यास जागा उरली नाहीं, आणि चांगला माल करणारास जाहिरातीची गरज पडली नाहीं.

आमच्याकडे स्थिती उलट आहे. किंमतीचे नऊ हिस्से सरकार देतें. यामुळें कंपनीची दृष्टि सरकारी कचेरीकडे लागावी, बांधाकडे लागूं नये, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. सरकारी मदत कमी व्हावी असें आमचें म्हणणें नाहीं. लहान शेतकऱ्यास तिच्यावांचून हा पंप परवडणार नाहीं. परंतु पैशानें जो वचक बसत नाहीं, तो नोंदीनें बसवितां येतो.

कोणी म्हणतील, कंपनी नामांकित असली म्हणजे झालें. त्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, खुद्द वेस्टासवर १९८६ सालीं देणीं थांबविण्याची वेळ आली होती, आणि १९८७ सालीं ती नव्या रूपानें उभी राहिली. बाजारांतील पत ही दुरुस्तीची हमी नव्हे. दुसरे कोणी म्हणतील, शेतकरी स्वतःची हयगय कंपनीच्या माथीं मारील. हा आक्षेप खरा आहे, व म्हणूनच नोंद दोन्ही बाजूंची असावी. पॅनेलांवर धूळ सांचली तर पाणी कमी पडणारच. तीं केव्हां धुतलीं हेंहि लिहिलें पाहिजे.

यास्तव आमची सूचना अशी आहे. प्रत्येक पंपधारकानें एक साधी वही ठेवावी. तींत कंपनीचें नांव, पंपाचे अश्वबल, बसविल्याची तारीख, बंद पडल्याचा दिवस, तक्रार दिल्याचा दिवस आणि दुरुस्त झाल्याचा दिवस एवढें लिहावें. योजनेंत पांच वर्षांच्या दुरुस्तीची हमी व विमा आहे. परंतु तारखेचा पुरावा नसेल तर हमी कागदावरच राहते. गांवच्या सोसायटीनें या वह्या वर्षअखेर एकत्र कराव्या, आणि आमच्यासारख्या मासिकांनीं ते आंकडे, कोणाची भीडमुर्वत न धरतां व कोणावर आकस न ठेवतां, जसेच्या तसे छापावे.

याला खर्च एका वहीचा व पेन्सिलीचा आहे. ज्वारीच्या ऐन पाण्याच्या वेळीं पंप पंधरा दिवस बंद राहिला तर होणारें नुकसान कोणतीच कंपनी भरून देत नाहीं. तेव्हां परीक्षा आपणच केली पाहिजे, आणि ती पुढचा अर्ज भरण्यापूर्वीं केली पाहिजे.