उचललेल्या जीपचंही पासिंग करा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजच्या भिंतीवर ब्रेकचा एक फाटलेला रबरी पाइप टांगलेला आहे. १९९८ सालचा. कळ्याच्या एका शेतकऱ्याच्या जुन्या जीपचे पाटे मी एक्सलच्या खालून काढून वर बसवले होते. गाडी चार-पाच इंच उचलली गेली आणि मालक खूश झाला. पाटे वर गेले, चॅसी वर गेली, पण चॅसीपासून एक्सलपर्यंत येणारा ब्रेकचा पाइप होता तेवढाच राहिला. आठ दिवसांनी करूळ घाट उतरताना चाक खड्ड्यात गेलं आणि पाइप ताणून फाटला. जुन्या जीपला ब्रेकची लाइन एकच. पेडल थेट फळीला टेकलं. त्यानं गाडी लो गिअरला टाकून डोंगराच्या बाजूला घासत नेली, म्हणून गाडीतले दोघे वाचले. चूक माझी होती. तेव्हापासून पाइप भिंतीवर आहे.

हल्ली रविवारी सकाळी थार, जिम्नी, गुरखा घेऊन पोरं येतात. "मामा, तेहतीस इंची टायर टाकू, पुढं लोखंडी बंपर, वर लाइटचा बार. दोन इंच उचलून द्या की." मी त्यांना आधी आरसी बुक काढायला सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेला आणि आरसीवर नोंदलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पोरांना हे ठाऊक नसतं. ज्यांना असतं त्यांना वाटतं, कोण बघतंय!

रस्त्यावर हा कायदा योग्यच आहे, असं मी पाटे उचलणारा माणूस म्हणून सांगतो. एकतीसऐवजी तेहतीस इंची टायर टाकला की मीटरवर साठ दिसतात तेव्हा गाडी चौसष्टनं पळत असते. चाक मोठं आणि जड, म्हणजे तेवढ्याच ब्रेकला काम जास्त. उंची वाढली की वळणावर गाडी जास्त कलते. लोखंडी बंपर धडकेचा मार गिळत नाही. तो पुढच्या माणसाला आणि मागे चॅसीला देतो. केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना असे क्रॅश गार्ड काढायला सांगितले होते. टपावरच्या लाइटबारचं तर विचारूच नका. रात्री फुलेवाडीच्या रस्त्यानं सायकलवर घरी निघालेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत तो थेट जातो.

पण नुसत्या बंदीनं काय झालं, तेही मी रोज बघतो. सामान दुकानात उघड मिळतं. बसवणारे वेल्डर मिळतात. गाडी आरटीओत न्यायची वेळ आली की जुनी चाकं लावतात, बार उतरवतात, आणि परत आल्यावर सगळं पुन्हा चढवतात. फोडलेला सायलेन्सर निदान कानावर येतो. दिवाळीच्या पाडव्याला मोटारसायकलमागे म्हशी पळवताना तो अख्ख्या गल्लीला ऐकू जातो आणि एरवी पोलिसांनाही. ताणलेल्या ब्रेक पाइपचा आवाज येत नाही. ज्या गाडीखाली कुणीतरी बॅटरी घेऊन सरपटायला हवं, तिच्याच खाली कुणी जात नाही.

माझी सरकारकडे मागणी एवढीच, की जे सीएनजीला दिलंत ते या फेरफारांनाही द्या. सीएनजी किटही मूळ गाडीत नव्हतं. त्याला मंजूर किट ठरवलं, ते बसवणारी अधिकृत केंद्रं ठरवली, आरसीवर नोंद केली, आणि पेट्रोलच्या गाडीत गॅसची टाकी कायदेशीर झाली. आमच्या उमेदवारीत पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवणं हे रोजचं काम होतं. इंजिन बदललं की गाडी आरटीओत दाखवायची, कागदावर नवा नंबर चढायचा. जर्मनीत आजही असा बदल तपासनीस गाडी बघून मंजूर करतो आणि गाडीच्या कागदांत लिहितो. वाहनं तपासणारी एआरएआय १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे. किती इंच उचलायचं, कोणते शॉकअप, किती लांबीचा ब्रेक पाइप, किती रुंद टायर, हे त्यांनी ठरवावं. उद्यमनगरातल्या मिस्त्रींची परीक्षा घ्यावी, आणि जो पास होईल त्यालाच परवाना द्यावा. मी पहिला बसेन परीक्षेला.

उंच गाडी हा सगळा शौकच नसतो. २०१९ च्या महापुरात शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला, चिखली-आंबेवाडी वेढली गेली, तेव्हा पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक चाकाची किंमत आम्हाला कळली. गगनबावड्याकडच्या वाड्यांना ती दर पावसाळ्यात कळते. उलट मसाई पठाराच्या गवतावर चाकांच्या चऱ्या पाडत फिरायला मात्र कुठल्याच कागदानं परवानगी देऊ नये. ज्यांना फक्त चिखलातल्या स्पर्धेसाठी गाडी हवी, त्यांनी ती ट्रेलरवरून न्यावी.

गेल्या महिन्यात एका पोराला मी नाही म्हणालो. तो दुसरीकडे गेला. पंधरा दिवसांनी रंकाळ्यावर त्याची थार दिसली, चांगली उंच. मी खाली वाकून बघितलं. पुढचा डावा ब्रेक पाइप उभ्या गाडीतच ताणलेला होता. "लांब पाइप टाकून देतो, पैसे नकोत, उद्या सकाळी ये," म्हणालो. येतो म्हणाला. अजून आलेला नाही.