फी सांगायची कशी?

रमजान ईद होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. अमरावतीत राहून तिने बी.पी.एड. केले आहे. त्यानंतर दोन वर्षे शाळांचे उंबरठे झिजवले. एका ठिकाणी मुलाखत चांगली झाली, पण शेवटी देणगीचा आकडा सांगितला गेला. अब्बा बाजारात हमाली करतात, म्हणजे तो विषय तिथेच संपला.

"आपा, मोहल्ल्यातल्या बायकांना व्यायाम शिकवते," ती म्हणाली. "काहीजणींना मामांच्या माडीवर, काहीजणींना त्यांच्या घरी जाऊन. जमेल का?"

मला आनंद झाला. आनंदाच्या भरात मी एक सल्ला दिला, "पहिले तीन महिने पैसे घेऊ नको. सवय लागू दे. एकदा सवय लागली की आपोआप देतील." वीस वर्षे शिकवते आहे, तरी हे बोलून गेले.

पहिल्या आठवड्यात चौदा बायका आल्या, तिसऱ्या आठवड्यात पाच उरल्या. कुणाकडे पाहुणे, कुणाचा मुलगा आजारी, कुणी नुसतीच गप्पा मारायला यायची आणि सतरंजीवर बसून राहायची. फुकटच्या वर्गाला उशीर झाला तर कुणाचे काय जाते? चांदूर बाजारात ट्यूशनची फी आपण महिन्याच्या पहिल्या तारखेला देतो, तीही आगाऊ. त्या सरांना कुणी लोभी म्हणत नाही. पण एका मुलीने बायकांना गुडघा कसा वाकवायचा हे शिकवले, तर ती खिदमत झाली पाहिजे! हा विचार माझ्याही डोक्यात होता, म्हणूनच तो सल्ला निघाला.

व्यायाम शिकवणे हे शिकून घेण्याचे काम आहे, हे खरे तर आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केले. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. तिथून शिकून निघालेले पी.टी.चे शिक्षक राज्यभर पसरले. पण आपल्या मनात व्यायाम म्हणजे अजून आखाडा, आणि आखाडा म्हणजे पुरुष.

बायकांना कशाला हवा व्यायाम, दिवसभर घरकाम असतेच की, असे एक आजी मला म्हणाल्या. त्यांच्या काळापुरते ते बरोबर होते. जाते, चूल, विहिरीचे पाणी, खाली बसून भाकरी, दिवसातून पन्नास वेळा ऊठबस. आता ओटा उभा, मिक्सर, दारात नळ, बसायला पलंग. थकवा तेवढाच येतो, पण शरीराची ऊठबस होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार 2022 मध्ये भारतातल्या सुमारे 57 टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी होती, पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के. आठवड्याला निदान 150 मिनिटे, श्वास थोडा वाढेल एवढी हालचाल हवी, हा त्यांचा हिशोब. आपल्या घरात खुर्चीवर नमाज पढणाऱ्या बायका किती वाढल्या, ते बघितले तरी कळते.

अशाच एका खालांनी गाडे रुळावर आणले. वय पंचावन्न, गुडघे धरलेले. ही मुलगी प्रत्येकीची एक साधी परीक्षा घेते. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता 30 सेकंदांत किती वेळा उठता येते, ते मोजते आणि वहीत लिहिते. खाला पहिल्या दिवशी सहा वेळा उठल्या होत्या. दीड महिन्याने अकरा. त्या दिवशी त्यांनी बटव्यातून दोनशे रुपये काढून तिच्या हातात कोंबले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घे बेटी, हक का पैसा है."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी हिशोबाला बसलो. सामानाचा खर्च जवळजवळ नव्हताच. सहा सतरंज्या, एक पक्की खुर्ची, रक्तदाब मोजायचे यंत्र. डंबेलऐवजी पाण्याच्या बाटल्या, एक लिटर म्हणजे एक किलो. विकायचा होता तो तिचा वेळ, आणि तो मोजकाच. सकाळी मुले-माणसे बाहेर पडल्यापासून जोहरपर्यंत, मग असर ते मगरिब. बायकांना तेवढीच सवड असते.

माडीवर सहाजणींचा गट, आठवड्यातून तीन दिवस, महिन्याला बारा तास, प्रत्येकी 400 रुपये. म्हणजे एका तासाचे 200. घरी जाऊन शिकवायचे तिने 1500 ठरवले होते. बाराने भागले तर तासाला सव्वाशे, वर जाण्यायेण्यात अर्धा तास आणि पेट्रोल. म्हणजे जे काम जास्त कष्टाचे, तेच स्वस्त! दर 2400 केला तेव्हा दोघींनी सोडले. एक राहिली, पुढे एक नवी आली. आज दोन गटांचे 4800 आणि दोन घरांचे 4800 येतात. खर्च जाऊन आठेक हजार हातात राहतात. फार नाहीत. पण माडीवरची हजेरी सुधारली आहे, आणि अब्बा आता "किती जमले?" असे विचारत नाहीत.

कर्जाचाही विषय निघाला होता. मुद्रा योजनेत शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते, म्हणून भावाने ट्रेडमिल घ्यायचा आग्रह धरला. मी अडवले. मुंबईत 1932 साली विष्णू तळवलकरांनी सुरू केलेल्या व्यायामशाळेचे नाव देशभर झाले, तिची कंपनी 2010 मध्ये शेअर बाजारात गेली, आणि 2019 मध्ये तीच कर्जाचे हप्ते थकवून बसली. मग आपल्या माडीचे काय! उद्यम नोंदणी मात्र करून घेतली. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते, दलालाला पैसे द्यायची गरज नाही. सेवेच्या व्यवसायाला वर्षाला 20 लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्यामुळे ती धास्तीही गेली.

एका गोष्टीत मात्र ती माझ्यापेक्षा पक्की निघाली. वजन घटवण्याच्या पावडरीचे डबे विकले तर डब्यामागे कमिशन देतो, असे सांगत एक माणूस आला होता. कमिशन तिच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त झाले असते. तिने त्याला दारातूनच परत पाठवले. तिच्या वहीत पहिल्या पानावर प्रत्येकीचे रक्तदाब, शुगर, ऑपरेशन, गरोदरपण लिहिलेले असते. छातीत दुखते असे कुणी म्हटले, तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी, मग सतरंजी. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला ती उपाशीपोटी व्यायाम करू देत नाही, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. खिडकीत ग्लुकोजची पुडी ठेवलेली असते. आणि कुणाचीही गोळी बंद करायला सांगत नाही. "ते माझे काम नाही," एवढेच म्हणते.

आता माझे सांगते. मीही चारशे भरून दुसऱ्या गटात जाते. खुर्चीवरून नऊ वेळा उठते, म्हणजे खालांच्या मागेच आहे. मागच्या महिन्यात पेपर तपासण्याच्या गडबडीत माझे चार दिवस बुडाले. मी सहज म्हटले, "पुढच्या महिन्यात शंभर कमी देऊ का?"

वही मिटत ती म्हणाली, "आपा, मुलं गैरहजर राहिली तर ट्यूशनवाले सर फी कापतात का?"

मी चारशे दिले.