शजऱ्यात नानीचं नाव कुठे आहे?

गेल्या उन्हाळ्यात मामूच्या मुलीचं लग्न होतं. सगळं खानदान मालवणात जमलं होतं. मुंबईच्या एका भावाने मोठ्या मेहनतीने आमचा शजरा तयार करून आणला होता. फ्लेक्सवर छापलेला, दरवाजाएवढा. सगळ्यात वर एक अरब व्यापारी, त्याच्याखाली त्याचे मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे, असं करत खाली आमच्यापर्यंत. नऊ पिढ्या. जेवणानंतर नानीला खुर्चीत बसवून तिच्यासमोर तो धरला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून भावाने वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचून दाखवलं. नानीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "माजा नाव खंय आसा ह्येच्यात?"

दोघंतिघं हसले. भाऊ म्हणाला, "नानी, तू नानाच्या नावात आलीसच की."

मी नंतर मोजली. एकाहत्तर नावं होती आणि त्यात एकही बाई नव्हती. एकाहत्तर माणसं आईशिवाय जन्मली असं समजायचं.

भावाच्या मेहनतीची मला चेष्टा करायची नाही. त्याने सुट्ट्या घालवून, कबरस्तानातले दगड पुसून, म्हाताऱ्यांना फोन करून हे केलं. पण हल्ली कोकणी मुसलमान कुटुंबांत शजरे बनवायची जी लाट आली आहे, ती सगळी याच साच्याची आहे. वर एक अरब आणि खाली फक्त पुरुष. माझं म्हणणं असं की, खानदानाचा इतिहास शोधायचा असेल तर सुरुवात अरबस्तानापासून नको, नानीपासून करा. भावनेची गोष्ट बाजूला ठेवली तरी याला कारणं आहेत.

आधी त्या अरब व्यापाऱ्याचं बघू. इराकचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाला कंटाळून काही घराणी गलबतांत बसली आणि कोकण किनाऱ्याला लागली, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली आहे. किनाऱ्याचं अरबांशी नातं होतं यात शंका नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला, आला तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं. त्याच नोंदीत तो एक शब्द देतो, बयासिरा. हिंदुस्तानात मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले, असा त्याचा अर्थ तो सांगतो. हजार वर्षांपूर्वी 'इथेच जन्मलेल्या' मुसलमानांना स्वतंत्र शब्द लागावा इतके ते होते. हे लोक आकाशातून पडले नव्हते. गलबतावरचा माणूस सहसा बायकामुलं घेऊन फिरत नाही. तो बंदरात उतरला, इथल्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि संसार तिच्या गावात उभा राहिला. बाप समुद्रावरून आला असेल, पण आई किनाऱ्यावरचीच.

साधा हिशेब करा. नऊ पिढ्या मागे गेलं तर त्या एका पिढीत आपले 512 पूर्वज येतात, 256 पुरुष आणि 256 बायका. (आपल्यात चुलत-मामे भावंडांची लग्नं होतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा बराच कमी भरेल. तरी शेकड्यांत राहील.) शजरा त्यातल्या एकाला उचलतो आणि म्हणतो, हे आपलं मूळ. उरलेल्यांत कोळी असतील, शेतकरी असतील, विणकर असतील, कुणी घाटावरून आलेला शिपाई असेल. त्यांना गाळून उरलेल्या एकावर आपण खानदानी ठरतो.

नानीचं माहेर धामापूरच्या पंचक्रोशीतलं. धामापूरचा तलाव मालवण-कुडाळ रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. 1530 साली विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई आणि गावकरी यांनी तो बांधला. काठावर भगवतीचं देऊळ आहे. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. गावाला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण बांध घालायला चिरे डोक्यावरून वाहणारे, चिखल तुडवणारे त्या गावकऱ्यांत कोण कोण होते, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. नोंदीत एक नाव आलं, बाकीचे 'गावकरी' झाले. आपल्या शजऱ्यांत तर तोही शब्द नाही.

या तलावाची एक गोष्ट नानी सांगायची. लग्न निघालं की गरिबाने हव्या असलेल्या दागिन्यांइतकी फुलं परडीत घालून पाण्यावर सोडायची. परडी बुडायची आणि वर येताना सोन्याचे दागिने घेऊन यायची. लग्न झालं की ते परत करायचे. एकाने परत केले नाहीत आणि तेव्हापासून परडी रिकामी येते. ही गोष्ट त्या भागात हिंदू घरांतही सांगतात, थोड्याफार फरकाने. नानीच्या सांगण्यात एक जादा भाग होता. तिच्या आजीच्या नाकातली नथ तलावातली होती आणि लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी ती परत केली. नथ परत केल्याचं ती असं ठासून सांगायची, जणू चोरीचा आळ अजून कुणी घेऊन बसलं आहे. खरंखोटं अल्लाह जाणे. पण एका मुसलमान घरातली मुलगी भगवतीच्या तलावातली नथ घालून निकाहला बसली, असं चार पिढ्या बायका एकमेकींना सांगत आल्या, एवढं तर खरं आहे. आमचं घर या गावात कसं राहिलं, कुणाशी कशा नात्याने राहिलं, हे मला या गोष्टीतून जितकं कळलं तितकं त्या फ्लेक्सवरून कळलं नाही.

गोष्टी बायकांकडेच राहिल्या यालाही कारण आहे. कोकणातला मुसलमान पुरुष घरी नसायचा. तो मुंबईला गोदीत, नाहीतर जहाजावर, नाहीतर आफ्रिकेत. केपटाऊनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. नंतर आखात आलं. शेत लावणं, भावकीशी भांडणं, मुलांना मदरशात आणि शाळेत घालणं, मयत-लग्न पार पाडणं, सगळं बाईने केलं. दोन वर्षांनी दोन महिन्यांसाठी घरी येणाऱ्या पुरुषाला वाडीचा इतिहास कसा ठाऊक असणार? आणि शजरा करताना आपण विचारतो कुणाला, तर त्या पुरुषालाच.

कुणी म्हणेल, बायकांच्या नोंदीच नाहीत, मग लिहायचं काय? मलाही तसंच वाटायचं. शोधायला लागल्यावर कळलं की नोंदी आहेत, फक्त आपण त्या या नजरेने वाचत नाही. पहिली नोंद निकाहनाम्याची. वधूचं नाव आणि तिची कबुली यांशिवाय निकाह होतच नाही. त्यामुळे शजऱ्यातून गळलेली बाई काझींच्या दफ्तरात सापडते, बापाच्या नावासकट, मेहरच्या रकमेसकट, वकील आणि साक्षीदारांसकट. साक्षीदार बहुधा मामा-काका असतात, म्हणजे आणखी दोन घरांचा धागा हाती येतो. नानीचा निकाहनामा 1954 चा निघाला. उर्दूत आहे. पेशइमामांनी वाचून दाखवला तेव्हा नानीच्या आईचं माहेर कुडाळकडचं, हे मला पहिल्यांदा कळलं.

दुसरी नोंद दुखरी आहे. तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, मला नानी भेटली. बाप वारल्यावर जमिनीला वारस लागले तेव्हा तिचं आणि तिच्या दोन्ही बहिणींचं नाव चढलं होतं. पुढच्याच फेरफारात ते उतरलं. हक्कसोड. तिघींचे अंगठे. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा स्पष्ट ठरवून दिला आहे. तो नाकारायची हिंमत आपल्या घरांत कुणी करत नाही, फक्त बहिणीकडून 'खुशीने' सोडवून घेतो. नानीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भावाचो उंबरो तुटूक नको म्हणान अंगठो दिलंय." बदल्यात काय मिळालं विचारलं तर हसली. दर वर्षी फणस यायचे म्हणाली.

हे खानदानाच्या इतिहासात लिहायचं की नाही? माझ्या घरात यावरून वाद झाला. एक मामू आजही माझ्याशी नीट बोलत नाही. मला वाटतं लिहायचं. पूर्वजांची गोष्ट म्हणजे पूर्वजांची शिफारसपत्रं नव्हेत. सोडून दिलेली बायको, दुसरं लग्न, जहाजावरून परत न आलेला आणि दुसऱ्या बंदरात संसार थाटलेला आजा, हे सगळं आपल्या घरांत घडलं आहे. जिवंत माणसाची अब्रू जाईल असं काही पसरवू नये, एवढं पथ्य मी पाळते. पण हक्कसोडीचा फेरफार सरकारी दफ्तरात आहे, तो लपवून कुणाची अब्रू वाचवायची?

आता कागदांच्या भीतीबद्दल. 2019 च्या डिसेंबरात नागरिकत्व कायदा आला आणि एनआरसीची चर्चा सुरू झाली, तेव्हा आपल्या घराघरांत ट्रंका उघडल्या गेल्या. आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांचा सातबारा. भीती ओसरली आणि ट्रंका पुन्हा माळ्यावर गेल्या. आता मतदार याद्यांच्या फेरतपासणीच्या निमित्ताने पुन्हा तेच चाललं आहे. या भीतीत आसामची एक गोष्ट आपण नीट ऐकलीच नाही. तिथे 1971 पूर्वीच्या पूर्वजाचा कागद दाखवायचा होता आणि आपण त्याचे वंशज आहोत हेही सिद्ध करायचं होतं. सगळ्यात जास्त अडकल्या त्या विवाहित स्त्रिया. शाळेत गेल्या नव्हत्या, जन्माची नोंद नव्हती, लहान वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या. बापाचं नाव यादीत होतं, पण आपण त्याची मुलगी आहोत हे दाखवायला त्यांच्याकडे ग्रामपंचायतीच्या दाखल्याशिवाय काही नव्हतं. लाखो बायकांचा तो दाखलाही उच्च न्यायालयात बाद ठरला. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पडताळणी करून स्वीकारायला परवानगी दिली. 2019 च्या अंतिम यादीतून 19 लाखांवर माणसं बाहेर राहिली.

नानीचं नाव निकाहनाम्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि मतदार यादीत तिसरं आहे. तिन्ही ठिकाणी बाई तीच. हे कुणी सांगायचं? शजऱ्यात तर ती नाहीच. ज्यांना भावनेत रस नाही त्यांनी निदान या कारणासाठी तरी मुलींची, सुनांची नावं लिहावीत.

शोधणाऱ्यांसाठी आमच्या भागातली एक अडचण सांगते, कारण मी त्यात चार महिने घालवले. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला. त्याआधी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं, म्हणजे जुना कागद 'रत्नागिरी' या नावाखाली शोधायचा. कुडाळ तर सावंतवाडी संस्थानात होतं. नानीचे वडील इंग्रजांच्या मुलखातले आणि आई संस्थानातली, दोन घरांत काही कोसांचं अंतर. जुने कागद मोडीत असतील तर घाबरू नका, पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी शिंदे समितीने जुनी दफ्तरं उघडली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते आपण पाहिलं. त्याच कोतवाल बुकांत, गाव नमुना 14 मध्ये, आपल्या घरांच्याही जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. बाळाचं नाव त्यात बहुधा नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. तरी 'मुलगी' हा शब्द तिथे तारखेसह आहे. आणि घरातला कुणी युद्धकाळात जहाजावर गेला आणि परतला नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या ऑनलाइन यादीत त्याचं नाव शोधा. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या हजारो हिंदी खलाशांची नावं तिथे आहेत. इंग्रजी स्पेलिंग वेडीवाकडी आहेत, चार प्रकारे लिहून पाहावं लागतं.

पण कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. माझी चूक तीच झाली. मी आधी दफ्तरं धुंडाळली, नानी काय घरातच आहे म्हटलं. तिच्याजवळ मोबाईल ठेवून बसले ती एकूण तीन वेळा. पहिल्या खेपेला मी तारखा विचारत राहिले आणि ती कंटाळली. दुसऱ्यांदा मासे साफ करता करता बोललो, तेव्हा तिने नथीची गोष्ट सांगितली. तिसऱ्यांदा ती थकली होती, तरी आईच्या बहिणींची नावं तिने मोजून दिली, बोटांवर, मोठी आधी. तिच्या आजीचं नाव मात्र मी विचारलंच नाही. आजी म्हणूनच बोलत राहिलो दोघी. डिसेंबरात नानी गेली.

तो फ्लेक्स आता माझ्याकडे आहे, भावाने दिला. मामूच्या घरात तो लावायला जागा नव्हती. त्याच्या रिकाम्या जागांत मी मार्करने आजवर चौदा बायकांची नावं लिहिली आहेत, सापडतील तशी, काही दोन-दोन नावांनी. नथवाल्या आजीच्या जागी प्रश्नचिन्ह आहे. कुडाळला एक खाला आहेत, नानीहून चार वर्षांनी लहान. त्यांना कमी ऐकू येतं, सकाळी बरं असतं म्हणतात. रविवारी पहिल्या गाडीने जाणार आहे.